मामांच्या सायकलची सीट

माझ्या बायकोच्या मामांइतका हेकट आणि वर पुन्हा इतका अदबशीर माणूस परमेश्वराने दुसरा घडवला असेलच, तर कृपा करून त्याची नि माझी गाठ घालू नये. एक पुरे झाला. नुसता हेकट असता तर भांडता तरी आलं असतं. पण हे मामा पडले तंजावरकडचे मराठी, आणि मी पडलो जावई. कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत आलेल्या त्या घराण्यात जावयाला अजून देव्हाऱ्यात बसवायचंच काय ते बाकी ठेवलंय. त्यांच्या तोंडी मराठी अशी येते, की समोर कुणी बखर वाचतंय असं वाटावं, आणि मधेच "अय्यो!" येऊन आपण चेन्नईत असल्याची आठवण व्हावी. मी सांगलीचा. आमच्याकडे राग आला की माणूस बोलून मोकळा होतो. इथे राग आला की समोरचे मामा हात जोडून म्हणतात, "जांवईबापू, आपण उभे कां? बसावें." आता या माणसावर ओरडायचं कसं, सांगा!

मामांचं आयुष्य सरकारी हिशेब तपासण्यात गेलं. निवृत्त झाले, पण तपासणी थांबली नाही. हॉटेलातल्या मेदूवड्याचं भोक मध्यावर नाही म्हणून त्यांनी वेटरला बोलावून दाखवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. कॉफीला फेस कमी असला की पेला ओठाला न लावता ते नुसते त्याच्याकडे बघत बसतात, आणि शेवटी कॉफीवालाच ओशाळून दुसरी आणतो. नुंगंबाक्कममधल्या आमच्या जुन्या इमारतीत ते तळमजल्यावर आणि आम्ही बरोबर त्यांच्या वर राहतो, त्यामुळे या तपासणीतून आमच्या घरातल्या नळाची गळतीसुद्धा सुटलेली नाही.

अशा माणसाला उतारवयात जुनी रेसची सायकल घ्यायची हुक्की आली. बाजारात नव्या सायकली काय थोड्या आहेत? पण नाही. सायकल पोलादीच हवी, जुन्या घडणीची, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं. तशी एक शहराबाहेर गुम्मिडिपूंडीला एका निवृत्त फोरमनच्या गच्चीवर पडलीय अशी खबर त्यांनी कुठूनशी काढली आणि माझी गाडी, माझा रविवार आणि मी, असे तिघेही कामाला लागलो. तो फोरमन बिचारा तिला भंगारात काढायच्या बेतात होता. मी मामांना वाटेतच हात जोडून सांगितलं होतं, की मामा, तिथे तोंड उघडू नका, भाव मी करतो. तर मामांनी गच्चीवर पाऊल टाकताच सायकलचा सांगाडा बोटाने वाजवला, डोळे मिटले आणि तमिळमध्ये त्या पोलादाचे गुण गायला सुरुवात केली. जोड कसे हाताने घडवलेत, नळी मधे कशी पातळ नि टोकाला कशी जाड, सगळं. फोरमन ऐकता ऐकता खुर्चीत ताठ बसू लागला. त्याला आपल्या घरात काय होतं ते त्या दिवशी कळलं आणि मला भाव काय असतो ते. येताना तो गंजका सांगाडा मागच्या सीटवर आणि मामा त्याला धरून त्याच्या शेजारी. सबंध वाट ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, त्याच्याशीच बोलत होते.

जिन्याखालच्या जागेत दुरुस्ती सुरू झाली. मामींच्या रस्समच्या पातेल्यात चेन रॉकेल पिऊ लागली. चिंचेच्या कोळाने हँडल घासणं सुरू झालं, तेव्हा घरात सांबाराला चिंच उरेना. मी म्हटलं, निदान एक स्टँड लावा, भिंतीला टेकून रंग जातोय. मामा म्हणाले, "रेसच्या सायकलीस स्टँड नसतो." घंटी? नसते. कॅरियर? माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरलोय. आणि मदत करायची तरी सोय आहे? मी पाना उचलला की ते धावत येऊन काढून घेत. "जांवईबापू, हात मळतील आपले." मग मी काय करायचं? तर फ्रेम धरून उभं राहायचं. तासन् तास. त्याने हात मळत नाहीत, फक्त पाठ जाते.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण तेवढ्यात मामी पडल्या. संध्याकाळी देवळाच्या वाटेवर पदपथाची एक फरशी उखडलेली होती, तिला पाय अडकला. हाडबीड काही मोडलं नाही, पण धीर मोडला. ही बाई रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे जाऊन हातभर मोगरा घ्यायची, तिच्याशी पोटभर भांडायची, मग देऊळ, मग घर. ती आता खिडकीत बसून राहिली. डॉक्टर म्हणाले, चाला, नाहीतर पाय आखडतील. काठी आणली तर मामींनी ती कपाटामागे टाकली. "मी काय म्हातारी आहें?" मामांनी हात धरावा म्हटलं, तर मामींनी कानाला हात लावले. लग्नाला जन्म लोटला, पण रस्त्यात नवऱ्याचा हात धरायचा म्हणजे काय! फुलं मी आणून देऊ लागलो. ती हातात घेऊन त्या म्हणायच्या, "फुलवालीनें फसवलें तुम्हांस." रोज. आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत बसायच्या.

आणि अशा वेळी आमचे मामा कशात गुंतले होते? सायकलच्या सीटमध्ये! सीटखालची नळी फ्रेममध्ये गंजून घट्ट बसली होती. समुद्राची खारी हवा, दुसरं काय होणार? बरं, ती अडकली होती ती नेमकी मामांच्या उंचीला. त्यांच्या लांब टांगांना अगदी बेताची. मी म्हटलं, मामा, तुम्हालाच चालवायची ना? मग राहू दे की! तर म्हणे, "सीट खालीं-वर झालीच पाहिजे." का? ते पुन्हा नळीकडे वळले. खोबरेल ओतून झालं, रॉकेल ओतून झालं, उकळतं पाणी झालं, बर्फ झाला. वॉचमन लोंबकळून झाला. समोरच्या घरातले व्यायामशाळेत जाणारे गृहस्थ येऊन दंड चोळत परत गेले. नळी ढिम्म. मामा रोज संध्याकाळी तिच्यात थेंबभर तेल सोडत बसत, आणि त्यांच्या डोक्यावरच्या खिडकीत मामी रस्ता बघत बसत.

एकदा माझी सांगली जागी झाली. फुलं देऊन, नेहमीची बोलणी खाऊन मी बाहेर आलो, तर मामा तेलाची बुधली घेऊन तिथेच. मी ओरडलोच. "मामा, लाज वाटू द्या थोडी! बायको घरात कोंडून बसलीय, तिचे पाय आखडत चाललेत, आणि तुम्हाला ही सीट सुचते? आग लागो त्या सीटला!" आणि बोलता बोलता दोन्ही हातांनी ती सीट पकडून मी रागाने अशी पिळली, की कर्रर्र आवाज झाला आणि नळी फिरली. मी तोंडात मारल्यासारखा उभा. जन्मात पहिल्यांदा मी मामांना अद्वातद्वा बोललो होतो, आणि मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, लागलं बोलणं. ते म्हणाले, "अय्यो जांवईबापू! सुटली!" नंतर माझे मळलेले हात त्यांनी स्वतः चिंचेने धुतले. मी काय बोललो यातलं एक अक्षर त्यांच्या कानात शिरलं असेल तर शपथ.

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, सायकल तयार झाली. चंदन, कुंकू, हार, सगळं. चालवा म्हटलं तर, "आज आयुधास विश्रांती." दसऱ्याला संध्याकाळी मात्र सगळी इमारत खाली जमली. चाकांखाली लिंबं चिरडली गेली. खरं सांगतो, सायकल देखणी झाली होती. पण माझी नजर सीटवर गेली आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. महिनोन्महिने जिच्यासाठी जीव काढला, ती सीट मामांनी पार खाली उतरवली होती! "मामा, बसलात तर गुडघे हनुवटीला लागतील!" ते म्हणाले, "असूं द्या." बसलेही नाहीत. हँडल धरून दोन पावलं चालले. सायकल कलली. मामांनी खिडकीकडे बघून हाक मारली, "अगे, हें डगमगतें. जरा मागून सीट धर."

"एवढे पुरुष उभे आहेत, त्यांस सांगा की!" मामी आतून.

"जांवईबापूंस सांगूं? हात मळतील त्यांचे."

या वाक्याला त्या घरात उत्तर नाही. मामी पुटपुटत बाहेर आल्या. भिंत धरून पायऱ्या उतरल्या आणि सीटवर हात ठेवला. फाटकापर्यंत गेल्या. "आतां सोडूं नको, पडेल," मामा म्हणाले. मग कोपऱ्यापर्यंत. आम्ही सगळे फाटकाशी येऊन बघत राहिलो. थोड्या वेळाने फुलवालीचा आणि मामींचा कडाक्याचा आवाज इकडे ऐकू आला, तेव्हा माझ्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. मामी परतल्या त्या हातात मोगरा घेऊन, घामाघूम. "ह्यांस एकटें सोडायची सोय नाही," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "पडले म्हणजे? उद्यांपासून मलाच जावें लागणार."

तेव्हापासून रोज जातात. मामा त्या सायकलवर आजतागायत बसलेले नाहीत. इतकं सगळं केलं, गियर बसवले, आणि एकाचाही उपयोग नाही, म्हणून माझा जीव अजून चडफडतो. एकदा न राहवून मी पाना घेतला आणि सीट त्यांच्या उंचीला चढवायला गेलो. मामांनी माझं मनगट धरलं. हात जोडले नाहीत, बसावें म्हणाले नाहीत. हळूच म्हणाले, "नको. तिचा हात येथवरच पोंचतो." मी पाना जागेवर ठेवला.

संध्याकाळी ती दोघं निघाली, की सायकलच्या चाकाची टिकटिक वर आमच्या गॅलरीत ऐकू येते. हल्ली ती पूर्वीपेक्षा सावकाश येते, मधेच थांबतेही. बायको चहाला हाक मारते. मी "आलो आलो" म्हणतो, पण ती टिकटिक परत फाटकाच्या आत येईपर्यंत मला काही आत जाववत नाही.