दोन सीट कमी

माझ्या हळदीला बहीण टोरंटोहून निघाली. मी आईला ऐटीत सांगितलं, "साडेबारा हजार किलोमीटर! विमान पंधरा तासांत मुंबईला."

"त्ये उडाल्यावर. पन भरायला किती वेळ लागतो?"

सेनगावहून आमच्या गावी, गोरेगावला येणारी जीप सीटा भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून तिला धास्ती. मी इतका हसलो की शेजारच्या म्हशीनं पान्हा चोरला.

विमान वेळेवर आलं. अर्धी पृथ्वी ओलांडून बहीण सेनगावात पोचली आणि तिथून तिचा फोन आला, "दादा, दोन सीट कमी हायेत. डायवर हलून न्हाई राहिला!"

तिच्या बॅगा हत्तीच्या पिल्लांएवढ्या, मोटारसायकलवर कशा मावणार? शेवटी बाबा आणि मी, म्हणजे खुद्द नवरदेव, मोटारसायकल पिटाळत सेनगावला गेलो, ती तिथंच लावली आणि जीपमध्ये बसलो. जीप लगेच सुटली.

हळद वेळेवर लागली. आईनं गालावर जरा जोरातच चोळली.

"हास की आता!"