शेंदरी खूण

कन्नडच्या घाटात आता डोंगराला जाळी घातली आहे. गाड्या सुसाट निघून जातात, मान वर करून कुणी पाहत नाही. मी पाहतो. त्या कामावर मी डिप्लोमा संपवून नुकताच लागलो होतो, आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती.

जाळीच्या आधी सैल दगड पाडावे लागतात. ते हुडकायचे आमचे मुकादम, वैजापूरकडचे, पन्नाशीचे. कमरेला दोर बांधून कड्यावर उतरायचे आणि दगडावर हातोडी मारून कान द्यायचे. पक्का दगड खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द. बद्द वाजला की ते त्यावर रंगाचा पट्टा ओढत. रंग आणायचं काम माझं. लाल संपला तेव्हा मी क्रांती चौकातून शेंदरी आणला. मुकादम डब्याकडे बघत राहिले, तर रंगात काय ठेवलंय, असं वर त्यांनाच ऐकवलं.

वळणावर रस्त्याच्या डोक्यावरच एक मोठा धोंडा होता. तोही बद्द वाजला आणि त्यावर शेंदरी पट्टा आला. आठवड्यात त्याला हार चढला. ट्रकवाले थांबून नारळ फोडू लागले, तेही नेमके त्याच्या खाली, जिथं आम्ही स्वतः उभे राहत नव्हतो. सांगून कुणी ऐकेना. एके दुपारी टेम्पोतून उतरलेलं एक कुटुंब लेकराबाळांसह तिथंच सावलीत भाकरी खायला बसलं. मी धावत गेलो. त्यांना हात जोडून उठवलं आणि धोंडा आत्ताच पाडा म्हणालो, तर आमची माणसं देवाला पहार लावायला तयार होईनात. मी पोलिसांचं नाव काढलं.

मुकादम जयभीमवाले, त्यांना या कशाचंच काही नव्हतं. पण ते शांतपणे म्हणाले, "साहेब, लोकं थांबणारच. मंग थांबायला जागा तरी बरी देऊ."

वळणापुढं रस्ता रुंद होता, वर कडा नव्हता. तिथले दगड त्यांनी एकेक वाजवून पाहिले आणि एक पसंत केला. रंगाचा डबा मात्र माझ्या हातात दिला. "हे आपल्याला चालत नाय. तुम्हीच लावा."

मी लावला. माणसांनी हार तिकडं नेला, नारळ फोडला आणि मग वाहनं अडवून पहार घातली. धोंडा दोन हिसक्यांत खाली आला. इतका सुटलेला होता.

मुकादम आता नाहीत. त्यांची फार आठवण येते. त्या दगडावर आज पत्र्याचं छप्पर आहे, सकाळ-संध्याकाळ गाड्या थांबतात. मीही थांबतो. चपला काढतो, पण हात जोडत नाही. कुणी बघत नाही असं पाहून गाडीच्या पान्यानं त्यावर हळूच ठोकतो आणि कान देतो.

अजून खणखणीत वाजतो.