काळा, रुपेरी आणि डॉन सिप्रियानो

डॉन सेवेरो तार्कीच्या जाकिटाला दोन मोठे खिसे होते आणि दोन्हीत एकेक कॅमेरा होता. डावीकडे रुपेरी, उजवीकडे काळा. उंच डोंगरांतल्या ला पाझ शहराच्या मोठ्या दफनभूमीच्या फाटकात तो उभा राहिला की दोन्ही बाजूंनी सारखाच फुगलेला दिसे, आणि समोरच्या फूलवाल्या म्हणत, "आलं बघ गाढव, गोणी लादून." यावर सेवेरो टाय सरळ करी. टाय सरळ करणं हे त्याचं सगळ्या टीकेला एकच उत्तर होतं.

त्याचा बाप चौकात लाकडी पेटीचा कॅमेरा लावून उभा असे, काळ्या कापडात डोकं खुपसून. ती पेटी चढावरून वाहून बापाची पाठ गेली. सेवेरोचं सगळं दुकान खिशात मावे. कमरेला बांधलेल्या पिशवीत छोटा प्रिंटर असे, त्यातून फोटो तिथल्या तिथे बाहेर पडे, भट्टीतून निघाल्यासारखा गरम.

दोन्ही कॅमेऱ्यांना तो आपले जावई म्हणे. खऱ्या मुली त्याला नव्हत्या, त्यामुळे जावयांची हौस त्याने अशी भागवून घेतली होती.

रुपेरी हा थोरला जावई. चालू केला की भिंग खडखडत बाहेर काढी, म्हाताऱ्याने बोलण्याआधी खाकरून घ्यावं तसं. त्याला पेन्सिल सेल लागत, आणि इथल्या थंडीत सेल इतक्या लवकर मान टाकत की सेवेरो जादाची जोडी काखेत उबवत ठेवी. फोटो जरा पिवळट यायचा. पण याला वरच्या अंगाला डोळा लावायची एक छोटी खिडकी होती. दुपारच्या उन्हात स्क्रीन आंधळी झाली तरी त्या खिडकीतून समोर जे आहे ते दिसे. जे आहे तेवढंच.

काळा हा धाकटा, लाडावलेला. साबणाच्या वडीएवढा. आवाज नाही, खाकरणं नाही. गाल असे रंगवी की वाळलेल्या बटाट्यासारखी म्हातारी सफरचंद होऊन कागदावर उतरे. खिडकी मात्र नव्हती. हाताची ओंजळ करून स्क्रीनवर सावली धरावी लागे. आणि त्याला चेहरे ओळखता येत. समोर चेहरा आला की स्क्रीनवर त्याच्याभोवती पिवळी चौकट उमटे. फोटो काढताना कोणी पापणी मिटली, तर तो अदबीने विचारी, 'कोणाचे तरी डोळे मिटले का?'

"हा आपणहून माणूस ओळखतो, कासेरो," बाजारात तो विकणारी बाई म्हणाली होती. नेहमीच्या गिऱ्हाइकाला तिथे कासेरो म्हणतात; सेवेरो त्या दुकानात पहिल्यांदाच आला होता.

"म्हणजे माझ्यापेक्षा हुशार."

"तेवढा तर माझा तराजूसुद्धा आहे," बाई म्हणाली.

सेवेरोने त्याची परीक्षा घेतली. मृतांच्या सणाला घरोघरी पावाच्या बाहुल्या भाजतात, मैद्याचं अंग आणि वर रंगवलेला चेहरा. काळ्याने त्या पावाभोवती चौकट काढली. देवळातल्या संताभोवती काढली. समोरून आलेल्या मिनीबसच्या दिव्यांभोवतीसुद्धा काढली. सेवेरो पोट धरून हसला. "दोन डोळे आणि एक तोंड दिसलं की याला माणूस वाटतो," तो फूलवाल्यांना म्हणाला. "माझ्या सासूने मला असाच पसंत केला होता."

त्यानंतर आठवड्याच्या आत नकटूंचा दिवस आला.

नकटू म्हणजे घरात ठेवलेली कवटी. नाक नसतं म्हणून लाडाने तसं म्हणायचं. कोणाला ती आत्याकडून मिळते, कोणाला जुनी थडगी हलवताना. एकदा घरी आली की स्वप्नात येऊन आपलं नाव सांगते, आणि मग घर राखते, चोर दाखवते, भांडणं मिटवते. वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, सगळे आपापल्या नकटूला लोकरीची टोपी घालून, फुलांचा मुकुट चढवून दफनभूमीत आणतात. दातांत सिगारेट पेटवून देतात, पुढ्यात कोकाची पानं ठेवतात, बँडवाले त्यांच्या आवडीची गाणी वाजवतात. सेवेरोची वर्षभराची खरी दिवाळी तीच.

त्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक जाडी बाई, काखेत काचेची पेटी, पेटीत नकटू. सेवेरोने काळा काढला. स्क्रीनवर दोन चौकटी उमटल्या, एक बाईला, एक नकटूला. बाई डोकावून बघत होती.

"हे पिवळं काय, डॉन सेवेरो?"

आता इथे 'दोन डोळे आणि एक तोंड' एवढं सांगून मोकळं व्हायचं. पण सेवेरोच्या तोंडाला सकाळपासून थट्टेचीच सवय. "घरात आहेत म्हणतोय तो," त्याने सांगितलं. "चौकट आली म्हणजे मालक आत आहेत."

बाई हसली नाही. तिने पेटीवर क्रूस काढला आणि शेजारणीला हाक मारली.

तासाभरात काळ्यापुढे रांग लागली. रुपेरीला कोणी विचारेना. बायका पेट्यांवरचे रुमाल काढत, श्वास रोखून स्क्रीनकडे बघत, आणि चौकट उमटली की भरल्या डोळ्यांनी म्हणत, "आहे, माझी रोसेंदा आहे." बँडचा एक तुतारीवाला तर दोन नकटू घेऊन आला, दोघांभोवती चौकट येताच त्याने तिथेच तुतारी फुंकली. सेवेरो टाय सरळ करत राहिला. चौकट प्रत्येकाला येत होती, मग सांगायचं कशाला?

दुपारी डोन्या एन्कार्ना सिर्पा आली. मानाने पुरुषाला डॉन म्हणतात, तसं बाईला डोन्या.

एन्कार्ना फाटकाबाहेर जांभळ्या मक्याचं गरम पेय विके. सेवेरोचा दिवस तिच्या पेल्याने सुरू व्हायचा आणि तिचा दिवस सेवेरोच्या टायला नावं ठेवून. एकटीच राहायची. म्हणजे लोक म्हणत एकटी. ती म्हणे, आम्ही दोघं. तिच्या घरी डॉन सिप्रियानो होता, मावशीकडून आलेला. त्याच्याबद्दल ती अशा तक्रारी करी की नव्या माणसाला वाटावं नवराच आहे. याला फिल्टरची सिगारेट चालत नाही. याला रेडिओवर बातम्या लागतात. स्वप्नात आला की इतका उंच, की माझ्या दारातून वाकून आत येतो आणि मग टोपी हातात धरून उभा राहतो. बस म्हटलं तरी बसत नाही.

"चला, तुमच्या त्या काळ्याला विचारा," एन्कार्ना म्हणाली. "सगळ्यांचे आहेत म्हणे. आमचे तर असणारच, यांना जायला दुसरं घर कुठंय."

सेवेरोने ओंजळ धरली. स्क्रीनवर एन्कार्नाभोवती चौकट आली. तिच्या हातातल्या डॉन सिप्रियानोभोवती आली नाही.

त्याने कॅमेरा जवळ नेला, लांब नेला. नकटूला लावलेला काळा चष्मा काढायला लावला, मुकुट मागे सरकवला. पावाच्या बाहुलीला आलेली चौकट, मिनीबसला आलेली चौकट, इथे काही केल्या येईना.

"उन्हाचा खेळ आहे," सेवेरो म्हणाला. "रुपेरीने काढू. रुपेरीत छान येईल."

"रुपेरी काही सांगतो का?"

"नाही. तो नुसता फोटो काढतो."

"मग राहू दे." एन्कार्नाने डॉन सिप्रियानोला चष्मा परत घातला. मागच्या रांगेत कोणीतरी हळूच म्हणालं, "रिकामी आहे बिचारीची."

सेवेरोने तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. घरात असण्याचं मी थट्टेने बोललो. यंत्र आहे ते, पावालाही माणूस समजतं.

"पावाला समजतं," एन्कार्ना म्हणाली, "आणि यांना नाही."

सेवेरोने गळ्याशी हात नेला. टाय हाताला लागेना.

"ज्याच्यात कोणी नाही ते हाड घरात ठेवू नये. मावशी सांगायची. रिकाम्या जागेत दुसरं कोणी येऊन बसतं." तिचा आवाज अगदी व्यवहाराचा होता, दूध नासलं सांगावं तसा. "मी बोनिफासियोला सांगते. आजच पुरून टाकू. उद्यापासून एकाच माणसाचं रांधायचं."

बोनिफासियो हा कबरी खणणारा. मागच्या कोपऱ्यात, मोकळ्या जमिनीवर त्याने खड्डा काढला आणि फावड्यावर हनुवटी टेकून तो गिऱ्हाइकाची वाट बघत राहिला. सेवेरो एन्कार्नाच्या मागेमागे गेला. आजपर्यंत त्याच्या थट्टेने कोणाचं काही बिघडलं नव्हतं. आज एका बाईचं घर रिकामं होत होतं, आणि तेही खिशात मावणाऱ्या एका डबीच्या सांगण्यावरून.

"एक शेवटचा काढतो," तो म्हणाला. "दोघांचा."

तिला त्याने कोनाड्यांच्या भिंतीपुढे उभं केलं. त्या भिंतीत मेलेल्यांची घरटी, प्रत्येकाला काचेचं दार, आत फुलं आणि फोटो. एन्कार्नाने मान खाली घातली, गोल टोपीने तिचा चेहरा झाकला गेला. सेवेरोने काळा उचलला. त्याची चूक झाली ती हीच की सवयीने हात उजव्या खिशात गेला.

स्क्रीनवर एक चौकट होती. एन्कार्नाभोवती नव्हती, तिचा चेहरा दिसतच नव्हता. नकटूभोवती नव्हती. तिच्या टोपीच्या वर, वीतभर उंचावर, हवेत होती.

'मागचे फोटो,' सेवेरोने स्वतःला समजावलं. 'काचेआडचा एखादा चेहरा पकडला असणार.' त्याने एन्कार्नाला भिंतीपासून दूर, उतारावर नेलं. आता तिच्या मागे नुसतं आभाळ होतं. चौकट तिच्याबरोबर आली. टोपीच्या वर, वीतभर उंचावर, जराशी उजवीकडे. तिथे कोणी उंच माणूस तिच्या खांद्याशी उभा असता, तर त्याचं तोंड असतं तिथे.

सेवेरोच्या काखेतले सेल थंड पडल्यासारखे त्याला वाटले.

त्याने डाव्या हाताने रुपेरी काढला. तो खडखडला, खाकरला. खिडकीला डोळा लावला. बाई, कवटी, आभाळ. जे आहे तेवढंच. मग परत काळा. चौकट होतीच. जराशी हलत होती, उभं राहून कंटाळलेला माणूस पाय बदलतो तशी.

"काय झालं?" एन्कार्ना म्हणाली.

"काही नाही. जरा चालून दाखवता? त्या प्रार्थनाघरापर्यंत."

"फोटो काढताय की घोडा विकत घेताय?"

पण ती चालली. सेवेरो मागून काळा डोळ्यांपुढे धरून निघाला. प्रार्थनाघराच्या बाजूचं दार ठेंगणं आहे; एन्कार्ना बुटकी, सरळ आत गेली. चौकट दारापाशी आली, थांबली. मग हळूच खाली झुकली, उंबऱ्यावरून पुढे झाली, आणि आत गेल्यावर पुन्हा वर झाली.

सेवेरो बाहेरच उभा राहिला. आतल्या अंधारात मेणबत्त्यांच्या उजेडात एन्कार्ना वळून त्याच्याकडे बघत होती, टक्क डोळ्यांनी. बोट बटणावर होतं, ते आपोआप दाबलं गेलं. काळ्याने फोटो घेतला आणि अदबीने विचारलं, 'कोणाचे तरी डोळे मिटले का?'

मागून गर्दीचा आवाज येत होता, शेकडो पेट्या, शेकडो टोप्या. काळा घेऊन तिकडे वळावं, बघावं, असं एकदा त्याच्या मनात आलं. त्याने भिंगावर अंगठा ठेवला आणि न बघताच तो बंद केला.

मग आत जाऊन त्याने एन्कार्नाला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच काही सांगताना त्याने त्यात मीठमसाला घातला नाही. दारापाशी चौकट वाकली, तेही सांगितलं.

ती घाबरेल, असं त्याला वाटलं होतं. तो स्वतः तर मेणबत्तीच्या कठड्याला धरून उभा होता. एन्कार्नाने वर, आपल्या डाव्या खांद्याच्या वरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"दिवसभर रडवलंत," ती त्या जागेला म्हणाली. "खड्डा खणून झाला बोनिफासियोचा. आणि तुम्ही मागे उभे. बसा म्हटलं की बसायचं नाही, ही कुठली रीत?" मग सेवेरोकडे वळून, "गर्दीत त्या हाडात बसायला यांना आवडत नाही. मला आधीच कळायला हवं होतं."

बाहेर बोनिफासियो फावडं घेऊन ताटकळला होता. "मग हा खड्डा?"

"राहू दे," सेवेरो म्हणाला.

"राहू दे म्हणजे? काढला तो काढला. लागेलच कोणाला तरी." आणि त्याने उगाचच सेवेरोला आपादमस्तक न्याहाळलं.

त्या दिवसाचा फोटो प्रिंटरमधून बाहेर आला तेव्हा त्यात एन्कार्ना होती, कवटी होती, मेणबत्त्या होत्या. चौकट कागदावर उतरत नाही.

पुढे सेवेरोने काळ्याची बॅटरी काढून ठेवली. खिसा मात्र रिकामा दिसू नये म्हणून तो अजून उजवीकडे बाळगतो. फूलवाल्या विचारतात, "धाकटा जावई रुसला का हो?" तो टाय सरळ करतो. काम सगळं रुपेरीच करतो, खाकरत, सेल खात.

दर नोव्हेंबरात एन्कार्ना डॉन सिप्रियानोला घेऊन येते. सेवेरो तिला फोटोच्या मधोमध उभं करत नाही. जरा डावीकडे सरकवतो, आणि कॅमेराही थोडा उंच धरतो. गेल्या वर्षी तिच्या भाचीने फोटो बघून नाक मुरडलं. "आजोबा, मावशी एका कडेला, आणि इकडे एवढी मोकळी जागा. साधा फोटो नीट घेता येत नाही?"

"दोघांचा आहे ना," सेवेरो म्हणाला, आणि खिडकीला डोळा लावून त्या मोकळ्या जागेला विनंती केली, "जरा जवळ सरका, मालक. हां. आता डोळे मिटू नका."