पगारे सरांच्या कपाटातला कागद

आदरणीय पगारे सरांची आणि माझी पहिली भेट परीक्षेसारखी झाली आणि त्या परीक्षेत मी सपशेल नापास झाले. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या छोट्या मालवाहतूक कंपनीत मी येवल्याहून नोकरीला आले ती सहा महिन्यांच्या बोलीवर. काम पटलं तर कायम. संगणक विभागात सर एकटेच. त्यांनी माणसांची यादी हातात ठेवली आणि म्हणाले, "सगळ्यांना भेटून या. ईमेलचा पासवर्ड विचारा." तासाभरात मी एकोणीस पासवर्ड गोळा करून आणले. सरांनी न वाचताच त्या कागदाचे बारीक तुकडे केले.

"शेख मॅडम, तुम्ही मागितलेत आणि लोकांनी देऊन टाकले. आपल्याला काय सांभाळायचंय, कळलं?"

सर सगळ्यांना अहो-जाहोच करतात, निम्म्या वयाच्या मलाही. नाशिक रोडहून येतात, सर्वांच्या आधी पोहोचतात आणि इतक्या वर्षांनंतरही दोनच बोटांनी टाइप करतात. रमजानमध्ये मला येवल्याची चारची एसटी मिळावी म्हणून माझं उरलेलं काम ते गुपचूप उरकत. आभार मानले तर चिडत.

त्या वर्षी मेलचा नवा सर्व्हर उभा करायचा होता. लोकांची नावं आणि पासवर्ड ठेवायचे कुठे, हा प्रश्न होता. सरांच्या मते तीस माणसांना एक साधी फाईल पुरेशी होती. त्यात पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवले की झालं. मला मात्र मोठ्या कंपन्यांत असते तशी, वेगळ्या मशीनवरची डिरेक्टरी, म्हणजे प्रत्येकाची ओळख तपासून देणारी यंत्रणा, हवी होती. उचलली जीभ लावली टाळ्याला! मी म्हणाले, "सर, फाईल म्हणजे किराणा दुकानातली वही."

दुसऱ्या कोणी मला माझी जागा दाखवली असती. सर म्हणाले, "करा तुमच्या मनासारखं. फक्त ती बंद पडली तर काय करायचं, ते टप्प्याटप्प्यानं लिहून द्या." मी लिहिलं आणि ऐटीत ईमेलनं पाठवलं.

माझ्या नोकरीच्या पाचव्या महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी वीज गेली आणि आली. मेल सर्व्हर सुरू झाला, डिरेक्टरी काही सुरू होईना. तिनं ओळख पटवल्याशिवाय कोणाचाच मेल उघडत नव्हता. गाड्या भरून उभ्या, त्यांची कागदपत्रं मेलमध्ये अडकलेली, मालक दारात. आणि दुरुस्तीचे टप्पे? तेही मेलमध्येच! किल्ली पेटीत टाकून पेटीला कुलूप घालणारी मीच. नोकरी गेली, हे मी धरूनच चालले. येवल्याला परतल्यावर अब्बांना काय सांगायचं याची मनात जुळवाजुळवही सुरू झाली.

सरांनी कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला माझ्या त्या ईमेलची छापील प्रत चिकटवलेली होती. "मी वाचतो, तुम्ही टाइप करा," ते म्हणाले. पाऊण तासात मेल सुरू झाला.

"कोणाची ही करामत?" मालकांनी विचारलं.

"मंजुरी माझी होती. बोलायचं ते मला बोला," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा निवड करायला सांगितली. मी फाईल निवडली. आजही तीच चालू आहे आणि किराणा दुकानाची आठवण सरांनी मला एकदाही करून दिलेली नाही. महिन्याभरानं मला कायम केल्याचं पत्र मिळालं. फाईलचं काम आवडलं असेल, असं मी समजत राहिले.

सरांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथासाठी जुने कागद चाळताना परवा मला कायम करण्याबाबतचा फॉर्म हाती लागला. त्यावर सरांचा शेरा आहे: "आज यांच्याकडून मोठी चूक झाली. शिकतील. कायम करावे." खाली तारीख त्याच सोमवारची. म्हणजे मी माझ्या भाड्याच्या खोलीवर जाऊन रडत होते, तेव्हा सर माझ्यासाठी शब्द टाकून मोकळे झाले होते.

रविवारी येवल्याला अब्बांना तो शेरा वाचून दाखवला. त्यांनी हातमाग थांबवला. मग म्हणाले, "बेटा, सरांना सांग, आपल्या घरी रोजच्या दुआत आता त्यांचंबी नाव हाय. अल्लाह त्यांना लंबी उमर देवो, तब्येत चांगली ठेवो."

माझ्याजवळ याहून मोठी शुभेच्छा नाही, सर.