आतोबांचे शेठ

आपल्याला एखादी गोष्ट येत नाही अशी शंका यायला माणसाच्या डोक्यात जी काही सोय असते, ती माझ्या आतोबांच्या डोक्यात बसवायची राहून गेली आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. एका विमा कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. लालबागला जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर ते राहतात, आणि तिथून खाली जे जे दिसतं ते आपण कसं जास्त चांगलं केलं असतं, हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. घरातला पंखा त्यांनी स्वतः दुरुस्त केला, तेव्हापासून तो उलटा फिरतो. त्याच्याखाली बसलेल्या पाहुण्याने घाम पुसला की आतोबा समजूत घालतात, "गरम हवा वर ओढतोय तो. बाहेरच्या देशांत असेच असतात." टॅक्सीवाल्याला त्यांनी भलत्या गल्लीत नेलं, तर गल्ली हलवलेली असते. डॉक्टरांकडे जाऊन ते आधी निदान सांगतात आणि मग तब्येत दाखवतात.

पण त्यांचा खरा जीव सजावटीत. कोणाकडे बारसं असो, साखरपुडा असो, साधा सत्यनारायण असो, आतोबा न बोलावता रंगीत कागद, गोंद आणि दिव्यांच्या माळा घेऊन हजर. माझ्या बहिणीच्या डोहाळजेवणाला त्यांनी होडी केली होती. इतरांच्या होड्या पुठ्ठ्याच्या असतात आणि जागच्या जागी उभ्या राहतात. आतोबांची होडी खाली बसवलेल्या स्प्रिंगांवर डुलायची, आणि मागे निळ्या सॅटिनच्या लाटा टेबलफॅनने हलायच्या. फोटो निघायच्या आधीच बहिणीला जे मळमळायला लागलं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. घरचे सगळे लिंबू आणा, आलं आणा म्हणून धावत होते आणि आतोबा दारात उभे राहून कृतार्थ चेहऱ्याने सांगत होते, "बोट लागली तिला! म्हणजे बोट झाली की नाही अस्सल?"

अशा माणसाने एक दिवस जाहीर केलं की त्यांना घरात प्राणी पाळायचा आहे. मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेलेली, घर मोठं, आणि शिवाजी पार्कला सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या हातात साखळी असते, हे त्यांना सलत होतं. आत्या मालवणकडची. तिने आवाज न चढवता अटी घातल्या. भुंकणारं नको, केस गाळणारं नको, घाण वास मारणारं नको, आणि बारा मजले उतरून फिरवायला लागेल असं तर मुळीच नको. आत्याला वाटलं, विषय संपला. आतोबांना वाटलं, आता कुठे सुरू झाला. महिन्याभरात ते रीतसर कागदपत्रांसह भोकं पाडलेला एक डबा घेऊन आले आणि त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला. आत पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली, टंच शेपटीची, वीतभर लांबीची, बिबट्याचे कपडे घातल्यासारखी एक पाल होती.

"पाल?" आत्या खुर्चीवर चढून म्हणाली. "लोक पैसे देऊन पाली घालवतात, नि तुम्ही पैसे देऊन आणलात?"

"साधी पाल नव्हे ही. लेपर्ड गेको. भिंतीवर चढता येत नाही हिला. आणि नीट बघ, हिला पापण्या आहेत."

"मग काय डोळा मारतली माका?" आत्या फार घाबरली किंवा फार चिडली की मालवणीत शिरते. त्या दिवशी दोन्ही होतं.

पण तिच्या चारही अटी तंतोतंत पाळल्या गेल्या होत्या, त्यामुळे तिचा इलाज चालेना. प्राणी नर निघाला. तो मान किंचित वर करून, ओठांच्या कोपऱ्यात मिस्कील हसू ठेवून, बाजारभाव ऐकत असल्यासारखा बसायचा म्हणून त्याचं नाव पडलं शेठ.

शेठ जिवंत किडे खातात, हे आतोबांनी आत्याला जरा उशिरा सांगितलं. "आमच्या घरात सोमवारी असलं काही शिजत नाही," आत्या म्हणाली. "शिजवायचंय कुठे? ते कच्चेच खातात," आतोबांनी तिला दिलासा दिला. रातकिड्यांचा डबा आला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यातले काही निसटून कपाटामागे राहायला गेले. आत्याच्या हॉलमध्ये मग संध्याकाळ झाली की कोकणातल्यासारखी किरकिर सुरू व्हायची. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ लिफ्टचं काहीतरी बिघडलंय म्हणून तक्रार करून आले. किड्यांना खायला घालण्याआधी कॅल्शियमची पांढरी पूड लावायची असते. ती आतोबा चिमटीने एकेका किड्यावर शिंपडत बसायचे. आत्याने दोन दिवस ते सहन केलं आणि तिसऱ्या दिवशी डबा हातातून ओढून घेतला. "बोंबलाक रवा लावतत तशी लावूची," म्हणत तिने पूड डब्यात टाकली, झाकण दाबून दोनदा हलवला आणि तोंड फिरवून परत दिला.

घर मात्र आतोबांनी स्वतः केलं. वास्तविक शेठना हवी होती एक बऱ्यापैकी मोठी काचेची पेटी, एका बाजूला ऊब आणि लपायला जागा. आतोबांनी किल्ला केला. तळाला चाळून घेतलेली पांढरी वाळू, त्यावर बुरूज, तटबंदी, मुख्य दरवाजा, कोपऱ्यात मोटर लावलेला धबधबा, मागच्या काचेवर सूर्यास्त, आणि रंग बदलणारी दिव्यांची माळ. वर एक प्रखर दिवा, जो ते मनाला येईल तेव्हा लावायचे आणि मनाला येईल तेव्हा विझवायचे. मग अर्थातच उद्घाटन झालं. अख्खा मजला आला. काचेला हात लावून, बोटांनी टकटक करून, मोबाइलचे फ्लॅश मारून सगळ्यांनी शेठना पाहायचा प्रयत्न केला. शेठ जे बुरुजात शिरले ते पाहुणे बटाटेवडे खाऊन गेले तरी बाहेर आले नाहीत. "पहिलाच दिवस आहे," आतोबा म्हणाले, "सवय होईल."

सवय झाली नाही. शेठ बुरुजातून कमी कमी येऊ लागले. किडा समोर फिरला तर मान वळवायचे. एकदा झेप घेतली, पण किडा राहिला बाजूला आणि तोंडभर वाळू आली. मी दर शनिवारी दादरहून जायचो, आणि आतोबांकडे दर शनिवारी नवं स्पष्टीकरण तयार असायचं. हवा बदलतेय. कात टाकायच्या बेतात आहेत. मोठी माणसं एकवेळच जेवतात. शेवटी आत्याच एकदा काचेपाशी वाकली. ती कधी तिकडे बघायची नाही, म्हणून मीही बघितलं. ती हळूच म्हणाली, "अहो, याची शेपटी सुकलीय. आला तेव्हा कशी भरलेली होती."

हे प्राणी आपली चरबी शेपटीत साठवून ठेवतात, हे आतोबांनीच आम्हाला दहा वेळा सांगितलं होतं. त्यांनी दिव्यांच्या माळेचं बटण बंद केलं.

परळला पक्ष्यांना आणि सरपटणाऱ्या प्राण्यांना बघणारी एक तरुण डॉक्टर बसते. आम्ही तिघंही गेलो. त्या दिवशी आतोबांनी निदान सांगितलं नाही, तेव्हाच मला धास्ती वाटली. डॉक्टरने शेठना तळहातावर घेतलं, पोट चाचपलं आणि एक्स-रे काढला. त्या एवढ्याशा पोटात एक पांढरा गोळा लख्ख दिसत होता.

"वाळू आहे ही, काका. आतडी भरलीत. घराचा फोटो आहे का?"

फोटो पुष्कळ होते. आतोबांनी फोन पुढे केला. तिने एकेक फोटो नीट पाहिला, धबधब्याचा व्हिडिओसुद्धा पाहिला. हसली नाही. "मेहनत खूप घेतलीत तुम्ही," ती म्हणाली. "पण यातलं त्याच्यासाठी काय आहे?"

तिने समजावून सांगितलं. वाळू काढा, फरशीचा तुकडा किंवा साधा कागद घाला. दिवे काढा. एका बाजूला खालून ऊब द्या आणि ती ठरावीक ठेवणारं यंत्र लावा, दुसरी बाजू गार राहू द्या. दोन्हीकडे लपायला अंधारी जागा, आणि एक ओलसर, कात टाकताना बरी पडते. रोज कोमट पाण्यात बसवून पोट हलक्या हाताने चोळा, औषध द्या. "आणि वाचेल ना?" आत्याने विचारलं. "बघू या," डॉक्टर म्हणाली, "अजून अंगात ताकद आहे."

घरी आल्यावर आतोबा चहाही न घेता किल्ल्यासमोर बसले. आधी धबधबा काढला, मग दरवाजा, मग एकेक बुरूज. मी मदतीला गेलो तर त्यांनी मान हलवली. ज्या माणसाने लग्नाचा मंडप उतरवतानाही कनातवाल्याला सूचना दिल्या, तो गुडघे टेकून स्वतः चमच्याने वाळू काढत होता. पेटी रिकामी झाली, पुसून झाली. तळाला कागद अंथरला, आइस्क्रीमच्या डब्याला दार कापून तो उपडा घातला. मग ते म्हणाले, "पूर्वीचं काय काय ठेवायचं, मला नाही ठाऊक रे. तूच बघ." पन्नास वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून आमच्या घराण्यात कोणी ऐकलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी शेठना पाण्यात धरायची वेळ आली तेव्हा आतोबांनी पुढे केलेले हात मागे घेतले. "मी मारलं गं त्याला," ते आत्याला म्हणाले. "लोकांना दिसावं म्हणून सगळं करत बसलो."

आत्याने पदर खोचला. आयुष्यात जिने पालीला झाडूच्या लांबीपेक्षा जवळ येऊ दिलं नव्हतं, तिने डोळे घट्ट मिटून शेठना उचललं, मग एक डोळा उघडला. "केवढं मऊ आहे हो हे," ती म्हणाली. मग खाली वाकून त्यालाच दटावलं, "हलू नको रे बाबा. तुका काय नाय होवचा." आणि एका बोटाने ती पोट चोळत राहिली, थेट लहान मुलाचं चोळतात तसं, खालच्या दिशेने, मधूनमधून 'हूं, हूं' करत. त्या दिवसापासून ते काम तिचं झालं. आतोबा पाण्यात कोपर बुडवून ते कोमट आहे का बघायचे आणि टॉवेल धरून उभे राहायचे.

मग एका सकाळी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. आत्याचे लागोपाठ तीन फोन आले म्हणून घाबरून उचलला, आणि घाईत बोट स्पीकरवर पडलं. "झाली रे, झाली!" आत्या किंचाळत होती. "शेठना साफ झाली! सगळी वाळू पडली!" मागून आतोबा ओरडत होते, "त्याला फोटो पाठव, फोटो पाठव!" साहेबांनी समोरचा कागद बाजूला केला आणि गंभीरपणे विचारलं, कोण शेठ? मी सांगितलं. साहेब म्हणाले, अभिनंदन कळवा. फोटोही आला. तो मी कोणाला दाखवला नाही, पण पुसूनही टाकलेला नाही.

चार दिवसांनी शेठनी पहिला किडा खाल्ला. आत्याने त्या दिवशी शिरा केला होता, पण सोमवार असल्यामुळे किड्याबद्दल आम्ही कोणी मोठ्याने बोललो नाही. हळूहळू शेपटी पुन्हा भरली. आतोबाही भरले. आता ते सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांवर अधिकारवाणीने बोलतात आणि त्या डॉक्टरला आपण कशी योग्य दिशा दाखवली तेही सांगतात. मात्र शेठना पाहायला कोणी आलं की ते दारातच आवाज खाली आणतात. "झोपलेत. नंतर या." माणसं परत जातात. संध्याकाळी हॉलमधले दिवे लागायच्या आधी दोघं नवराबायको पेटीसमोर खुर्च्या टाकून गप्प बसतात, आणि आइस्क्रीमच्या डब्यातून ते मिस्कील नाक कधी बाहेर येतं त्याची वाट बघतात.

गेल्या काही शनिवारी आतोबा मला शिकवायला लागले आहेत. चिमटा कसा धरायचा, किडा कुठून पकडायचा, ओलसर डब्यातला कागद कधी बदलायचा. मी म्हटलं, "तुम्ही आहात ना, मला कशाला?"

"अरे, पंधरा-वीस वर्षं जगतात हे," आतोबा चिमटा पुसत म्हणाले. "मध्ये कधी मला काम निघालं तर?"

ते इतक्या सहज बोलले की खरंच एखादं काम निघेल असं वाटावं. आत्या उठून आत गेली आणि स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ वाहता राहिला. मी चिमट्यात किडा धरून हात पेटीत घातला. शेठ आले, मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, शेपटीचं टोक हलवलं आणि टपकन किडा घेतला.

"बघ," आतोबा म्हणाले, "तुला ओळखायला लागला."

हे प्राणी माणसांना तसं ओळखत नाहीत, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी दुसरा किडा मागितला.