वर्षाचा कडबा

मुंबईत आमच्या बँकेच्या मुख्य कार्यालयात, चौदाव्या मजल्यावर, माझं काम एका तक्त्याचं आहे. बँकेकडे आलेली ठेव आणि बँकेनं दिलेलं कर्ज, त्यावरचा व्याजदर पुन्हा कधी बदलणार, त्या मुदतीप्रमाणं रकान्यात बसवायचं. महिन्याच्या आत बदलणारं एका रकान्यात, तीन महिन्यांचं दुसऱ्या, असं करत पार पंधरा वर्षांच्या पुढपर्यंत. मग दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघायचं, कुठं किती फरक पडतोय. उद्या व्याजदर एक टक्क्यानं उतरले तर बँकेची कमाई कितीनं घटेल, चढले तर काय होईल, हे काढून वरच्या समितीपुढं ठेवायचं. लोकांना वाटतं बँकेला भीती फक्त बुडणाऱ्या कर्जाची. तसं नाही. सगळे कर्जदार हप्ते वेळेवर भरत असले तरी बँक गोत्यात येऊ शकते, नुसत्या मुदती जुळल्या नाहीत म्हणून.

आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. पदवीचा पहिला कागद माझा. हे सांगताना मी लाजत नाही. अभ्यास केला, मिळवला. पण ही मुदतीची गोष्ट मला त्या कागदाच्या आधी कळलेली होती. भूम तालुक्यात ईटला, आमच्या गोठ्यात, वडिलांच्या तोंडून. वडिलांना मी दादा म्हणते.

दादांच्या तेव्हा चार म्हशी. आमच्या भागात दूध खव्याच्या भट्टीवर जातं. भट्टीवाला दर दहा दिवसांनी दुधाचा भाव सांगायचा, कधी वर, कधी खाली. कडब्याचं तसं नसतं. ज्वारीची काढणी झाली की परांड्याकडून गाड्या येतात, शेकड्याचा भाव ठरतो, आणि त्या भावानं घेतलेली पेंढी पुढं वर्षभर तुमच्या दारात पडून असते. स्वस्त घेतली तर स्वस्त, महाग घेतली तर महाग. मी आठवीत होते. गंजीवर उभी राहून दादांनी खालून फेकलेल्या पेंढ्या रचत होते. मी विचारलं, "दादा, एवढा स्वस्त मिळतोय तर सगळ्यांसारखा लई घेऊन का ठेवत न्हाय?"

"दूध किती महिने देणार म्हशी?"

"आठ-नऊ."

"मंग कडबा तेवढाच. कडब्याचा भाव एकदा ठरला की डोक्यावर बसतो. दुधाचा भाव दर दहा दिसाला पळतो. म्हस आटली की आपण इकणार. मंग उरलेला कडबा कुणी खायचा, तू?"

त्याच साली आमच्या चुलत्यांनी दोन वर्षांचा कडबा भरला. पुढं पाऊस असा झाला की बांधाबांधाला हिरवा चारा. गावभर दूध झालं, भट्टीवर भाव पडला. चुलत्यांच्या गंजीला कुणी विचारेना. दादा जाता येता म्हणायचे, "आता ते खायला म्हशी भाड्यानं आणा."

आमच्या बँकेत हेच दुसऱ्या कपड्यात चालतं. तीन वर्षांची ठेव आपण जास्त व्याजानं बांधून घेतली आणि तोच पैसा घरकर्जात दिला. घरकर्जाचा दर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराबरोबर हलतो. रेपो उतरला की कर्जाचं व्याज तीन महिन्यांत उतरतं, ठेवीचं मात्र तीन वर्षं त्याच जागी. म्हणजे कडबा जुन्या भावाचा आणि दूध नव्या भावाचं. मग समिती काय करते? लांब मुदतीच्या ठेवींचा दर कमी करून आखूड मुदतीच्या ठेवी गोळा करते, काही कर्जं ठराविक दराची देते, हातातले रोखे कमीजास्त करते. आणि उरलेल्यासाठी दुसऱ्या बँकेशी करार करते, की बदलतं व्याज आमच्याकडून तुम्ही घ्या, आम्हाला ठरलेलं द्या.

हा शेवटचा प्रकारसुद्धा दादांनी केला होता. एका वर्षी भट्टीवाल्याच्या ओट्यावर बसून म्हणाले, "शेठ, आठ महिने एकच भाव बांधा. खाली गेला तरी त्योच, वर गेला तरी त्योच." भट्टीवाल्यालाही सणासुदीला दुधाची खात्री हवी होती. बांधला. त्या दिवाळीला भाव वर गेला. दादा कॅन घेऊन भट्टीवर गेले की रांगेतले लोक टोमणे मारायचे, "दादा, आज वरचे पैसे कुणाला घातले?"

दादा म्हणायचे, "झोपेला."

पहिल्या बढतीच्या मुलाखतीत समोर तिघं बसले होते. त्यातल्या एकानं इंग्रजीत विचारलं, व्याजदराची जोखीम साध्या शब्दांत सांगा. मी कडबा सांगितला. भट्टी सांगितली. झोपसुद्धा सांगितली. तिघं हसले, पण चांगले हसले. मधले साहेब मराठीत आले, "हे कुठं शिकलात?" मी म्हटलं, "ईटला, गोठ्यात." त्या वर्षीच मला या विभागात घेतलं. तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. आता वाटतं, त्या दिवशी मी गोठा सांगून गोठ्यापासून लांब जायचं तिकीट काढलं.

तक्त्यात मला सगळ्यात अवघड जातं ते बचत खातं. कागदावर तो पैसा कुठल्याही दिवशी जाऊ शकतो. खातेदार आला, काढला, गेला. प्रत्यक्षात त्यातला बराचसा वर्षानुवर्षं हलत नाही. किती हलत नाही, किती वर्षं हलत नाही, हे मागच्या वागण्यावरून ठरवून तो लांबच्या रकान्यात टाकायचा असतो. माझं हे काम चांगलं आहे असं म्हणतात. पण मी माझ्याकडे बघते तेव्हा उलटं दिसतं. कागदावर मी ईटची. मतदार यादीत ईट, आधारवर ईट, बँकेच्या नोंदीत कायमचा पत्ता ईट. प्रत्यक्षात ईट सोडून नऊ वर्षं झाली.

आई गेली त्याला सहा वर्षं झाली. मी एकुलती. लग्नाचं विचारणारे पुष्कळ आहेत, ते त्यांना विचारू दे. आई गेल्यावर दादांनी एकेक करून तीन म्हशी विकल्या, एक ठेवली. मी दर वर्षी म्हणायचे, उन्हाळ्यात धाराशिवला बदली मागते. जिल्ह्याच्या शाखेत बसले असते तर शनिवार-रविवार ईटला जाता आलं असतं. तीन उन्हाळे म्हणाले. एकदा ऑडिट निघालं, एकदा नवी प्रणाली आली, एकदा साहेबच बदलले. खरं कारण निराळं होतं. मला ते काम आवडतं. चौदाव्या मजल्यावर माझ्या शब्दाला मान आहे, आणि तो कुणी वशिल्यानं दिलेला नाही.

पण दुपारी कँटीनचा चहा पिताना अचानक नाकात भट्टीचा वास येतो. आटत आलेल्या दुधाचा, कढईच्या कडेला किंचित लागलेला. मग कपातला चहा पुढं जात नाही. सकाळी बादलीत पहिली धार पडताना होणारा आवाज, आणि बादली भरत जाते तसा तो जाडा होत जातो, तो मला इथं कशातच सापडत नाही.

यंदा होळीच्या सुमारास साहेबांनी बोलावलं. वरची जागा रिकामी होत होती. "तुमचं नाव पुढं करतोय. घेतलीत तर तीन वर्षं हलता येणार नाही, हे लक्षात ठेवा. महिनाअखेरीस संमती लिहून द्या." मी फॉर्म घेतला आणि चार दिवसांची रजा टाकून गावी गेले. दादांना विचारायचं, असं ठरवून. म्हणजे दादा 'घे' म्हणतील, असं ठरवून.

फाट्यावर यष्टीतून उतरले आणि घर दिसलंच नाही. फाट्यावरून आमच्या गोठ्याचं दार समोर दिसतं. लहानपणी आई त्या दारातून मला गाडीत चढेपर्यंत बघायची. आता मधे कडब्याची गंजी उभी होती, भिंतीसारखी, छपराच्याही वर.

दादा गंजीला टेकून बसले होते. मी पिशवी खाली ठेवली.

"दादा, हे काय?"

"कडबा."

"ते दिसतंय. कुणाचा?"

"आपला. कुणाचा आसंल?"

गोठ्यात डोकावले. म्हैस बसून रवंथ करत होती. कास पार सुकलेली.

"आटली व्हय?"

"संक्रांतीला."

"गाभण हाय का?"

"म्हातारी झाली ती. आता कुठली गाभ धरती."

"मंग हा कडबा किती महिन्यांचा?"

"वरसाचा."

 त्यांनी आत जाऊन चहा केला. चहा पिशवीतल्या दुधाचा होता, दुकानातून आणलेल्या. ज्या माणसानं चाळीस वर्षं भट्टीवर दूध घातलं, त्याच्या घरात म्हैस बांधलेली आणि चहाला पिशवीचं दूध. दोन घोट घेतले आणि मी बोललेच. "तुम्हीच शिकवलंत ना मला? दुधाएवढाच कडबा. भाकड जनावर सुगीच्या आत इकायचं. मी तुमचं उदाहरण देऊन मोठी झाले मुंबईत, आन् तुम्ही हे करून बसलात?"

"शिकवलं हुतं."

"मग?"

दादांनी बशीतला चहा संपवला. सावकाश. "गेल्या दिवाळीला तू काय म्हणलीस?"

मी काय म्हटलं होतं ते मला लगेच आठवलं. जाताना, चपला घालता घालता म्हटलं होतं, 'दादा, आता एकच म्हैस राहिलीय. ती आटली की विका आणि मुंबईला चला माझ्याकडे. मग इथं अडकून राहायला कारण काय?'

"मंग कारण ठिवलं," दादा म्हणाले.

"मी तुम्हाला मुंबईत वाईट ठेवीन का?"

"वाईट कशाला ठिवशील? चांगलंच ठिवशील. पर तुझ्या सातव्या मजल्यावरच्या घरातनं हाळी कुणाला द्यायची?" मग म्हणाले, "तू येते येते म्हणती. येशीलबी. पर कवा, ते काय मला म्हैत न्हाय. तुलाबी न्हाय. मंग म्या म्हणलं, वरसाचा भरावा."

"आणि वर्षानंतर?"

ते उठले. गंजीच्या कडेची एक पेंढी निसटत होती, ती आत दाबली. "तवाचा भाव तवा बघू."

मी फॉर्मचं काढलंच नाही. पिशवीतल्या फाईलमध्ये तो तसाच राहिला. चार दिवस मी शेण काढलं, म्हशीला पाणी पाजलं, एके दिवशी सकाळी उगाच भट्टीवर जाऊन उभी राहिले. भट्टीवाला म्हणाला, "मॅडम, दूध आणलं का?" मी म्हटलं, "न्हाय, नुसती आले." त्यानं द्रोणात थोडा गरम खवा दिला. आईच्या माघारी मी तिथं पहिल्यांदाच गेले होते.

दादांनी आयुष्यात पहिल्यांदा आपला नियम मोडला होता, आणि तोही हिशेब चुकून नाही. चाऱ्याला घातलेले पैसे परत येणार नाहीत, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. त्यांनी स्वतःला एका वर्षाच्या रकान्यात बसवलं होतं. मी मात्र तीन वर्षं 'उन्हाळ्यात येते' म्हणत होते आणि कुठल्याच रकान्यात नव्हते. माझ्या तक्त्यात अशी नोंद आली असती तर मी ती परत पाठवली असती.

मुंबईला आल्यावर फॉर्मवर 'संमती नाही' लिहिलं आणि सोबत धाराशिवच्या बदलीचा अर्ज जोडला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"एवढ्या संधीवर पाणी सोडताय?"

"घरी वडील एकटे आहेत, सर."

"त्यांना इकडं आणा की."

"ते येत नाहीत. त्यांनी कडबा भरलाय."

साहेबांना ते कळलं नाही, आणि मीही समजावत बसले नाही. अर्ज वर गेला. जागा रिकामी झाली की बघू, असं उत्तर आलं, ते अजून तिथंच आहे. सोडलेल्या जागेवर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान मुलगा बसला. त्याचा तक्ता मी तपासून देते. वाईट वाटत नाही असं म्हटलं तर खोटं होईल.

दर रविवारी सकाळी दादांना फोन करते. पूर्वी तब्येत विचारायचे, जेवण विचारायचे, त्याला त्यांचं 'हाय बरं' एवढंच उत्तर असायचं. आता एकच विचारते, गंजी किती उरली. त्यावर ते भरभरून बोलतात. वरचे थर काढले, पावसानं एक कड भिजली, म्हैस यंदा कमी खाते. दादा कडबा वरूनच काढतात, एका अंगानं नाही. त्यामुळं गंजी हळूहळू बुटकी होत चालली आहे.

गेल्या रविवारी त्यांनी माझ्या विचारण्याची वाट बघितली नाही. फोन उचलल्या उचलल्या म्हणाले, "आज दारात बसलो हुतो. फाट्यावरच्या यष्टीचं टप दिसलं."

"नुसतं टप?"

"आजून नुसतं टप," दादा म्हणाले. "उतरणारी माणसं दिसाय येळ हाय."