अंगठा लागेपर्यंत

"पुन्हा लाव की गं," अक्का म्हणायची. मग अंगठा पदराला पुसायचा, त्यावर फुंकर घालायची आणि नवरीनं हात पुढे करावा तसा तो माझ्या मशीनपुढे धरायचा. मशीन लाल दिवा दाखवायचं. अक्काच्या चेहऱ्यावर मात्र दुःखाचा लवलेश नसायचा.

भवानी पेठेत मला 'अंगठेवाली' म्हणतात. बँकेचं मशीन घेऊन मी घरोघरी जाते. ज्यांना चालवत नाही त्यांचा अंगठा घेते आणि सरकारी पगार हातात देते. अपंगांच्या पेन्शनला आमच्याकडे सगळे पगारच म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम उन्हातान्हाचं, आणि माझा स्वभाव मुळात तापट. त्यात अक्का भेटलेली.

अक्काचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने गेलेले. चाकं लावलेल्या पाटावर बसून ती खोलीभर फिरायची. घरात बोलणं तेलुगू, बाहेर मराठी. पण आई-वडील गेल्यावर आणि भाऊ भिवंडीला माग चालवायला गेल्यावर घरातलं बोलणं उरलंच नव्हतं. मांडीवर सूप घेऊन ती दिवसभर विड्या वळायची. विड्या वळणाऱ्या बाईचा अंगठा तुम्ही कधी नीट पाहिलाय? पान आणि तंबाखू घासून घासून तो गुळगुळीत होतो, रेघ म्हणून राहत नाही. मशीन बिचारं वाचणार काय?

"अक्का, मी यायच्या आधी दोन दिवस विड्या बंद ठेवा. अंगठ्याला खोबरेल लावा," मी दर खेपेला सांगायची.

"व्हय व्हय," अक्का म्हणायची. आणि मी जावं तर सूप मांडीवरच, बोटं तंबाखूनं पिवळी.

दुसरं बोट लावू म्हटलं तर तिला ते पटायचं नाही. "अंगठा असताना करंगळी कशाला? अंगठ्याचा मान हाय. कूर्चो, कूर्चो." म्हणजे बस. मग चहा. गरम पेल्याला अंगठा धरला की तो मऊ पडतो, हे तिचं शास्त्र. चहाबरोबर शेजारणीची सून, नळाचं पाणी, कारखान्यातून आलेली खराब पानं असं सगळं निघायचं. मी घड्याळाकडे बघायची आणि मनातल्या मनात जळायची. शेवटी मी उठू लागले की अक्का मुकाट्यानं डाव्या हाताची करंगळी पुढे करायची आणि हिरवा दिवा लागायचा. हट्टी बाई, दुसरं काय, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगायची.

अशात अपंगांच्या पगाराची पद्धत बदलायची असं सरकारनं ठरवलं. लोकांच्या सूचना ऐकायला मोठे साहेब येणार, हॉलमध्ये सभा होणार. नवी पद्धत अशी की अंगठा बंद. वर्षातून एकदा मोबाईलवर चेहरा दाखवायचा आणि पगार थेट खात्यात जाणार. मला तर देव पावल्यासारखं झालं. मी ठरवलं, अक्काला न्यायचं आणि तिचा अंगठाच साहेबांना दाखवायचा. त्याहून मोठा पुरावा कोणता?

"तुम्ही फक्त अंगठा दाखवा. बोलायचं मी बघते," मी तिला बजावलं. सभेच्या दिवशी हॉलपाशी रिक्षावाल्या चाचांनी "अम्मा, संभालके" म्हणत तिला पाटासकट उतरवलं. अक्कानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

सभेत एकेक जण उठत होता. पगार वाढवा, दाखल्यासाठी हेलपाटे नकोत, ऑफिसला पायऱ्यांऐवजी उतार करा. सगळं रास्त होतं. चेहऱ्याची पद्धत आणा म्हटल्यावर तर टाळ्या पडल्या. आमची पाळी आली. "साहेब, यांचा अंगठाच लागत नाही," म्हणत मी अक्काचा हात धरून वर केला. तिनं तो सोडवून घेतला.

"अंगठा ऱ्हाऊ द्या, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी अंगठा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "आजी, तुमचा तर लागतच नाही म्हणतात."

"न्हाईच लागत. न्हाई लागत म्हणून ही बसती. च्या पिती, बोलती. चेहरा लगेच लागंल, मग ही कशाला बसंल?"

हॉलमध्ये हशा पिकला. साहेब हसले नाहीत, माणूस भला होता. त्यांनी विचारलं, "मग सूचना म्हणून काय लिहायचं?"

"माणूस येऊ द्या, असं लिवा," अक्का म्हणाली. कारकुनानं पेन उचललं खरं, पण काय लिहिलं देव जाणे.

परतताना रिक्षात माझा पारा चढलेला. चारचौघांत तोंडघशी पडले होते. "करंगळी लागते हे पहिल्यापासून माहीत होतं ना तुम्हाला?"

"व्हय की."

"आणि विड्या?"

"तू यायच्या दिशी पहाटंच बसते वळायला. जरा जास्तीच." मग बाहेर बघत म्हणाली, "कामाबिगर कोण येतंय गं माझ्याकडं?"

माझा राग कुठे गेला कळलं नाही.

नवी पद्धत आली. मी मोबाईल तिच्यासमोर धरला, ती दोनदा डोळे मिचकावते न मिचकावते तोच नोंद झाली. "एवढंच?" तिनं विचारलं. चहाचं आधण अजून उकळायचं होतं. मी बसले, दोनदा चहा घेतला.

पैसे आता शेजारीण कार्डावर काढून आणायची, तरी मी जायची. पण मला पाहिलं की अक्का विचारायची, "काय काम काढलंस?" आणि मी सहज आले म्हटलं तर ती संकोचून जाईल, पाव्हणीसारखी वागवेल, असं मला वाटायचं. म्हणून मी थापा मारायची. बँकेनं पत्ता तपासायला सांगितलाय, मोबाईल नंबर पुन्हा विचारलाय. नंबर तरी कुठला? तिच्याकडे फोन नव्हता, खात्याला माझाच लावलेला.

दिवाळीत म्हटलं, बास झाल्या थापा. फराळाचा डबा घेतला आणि गेले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "अक्का गेली की. दसऱ्याच्या आधीच. भिवंडीचा भाऊ आला, सगळं उरकून गेला." माझा चेहरा पाहून ती वरमली. "तुमास्नी कळवायचं सुचलं न्हाय बघा. तुमचं काम संपलं हुतं नव्हं."

पुढच्या महिन्यात माझ्या मोबाईलवर मेसेज आला, अक्काचा पगार जमा. चेहरा एकदा दाखवलेला, म्हणून सरकारच्या लेखी ती पुढच्या नोंदीपर्यंत जिवंतच होती. ती वारल्याचं कळवायला मी ऑफिसात गेले.

खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "मयत तुमच्या नात्यात?"

"नाही."

"शेजारी राहता?"

"नाही."

"मग त्या वारल्या हे तुम्हाला कसं कळलं?"

"घरी गेले होते त्यांच्या."

"काय कामासाठी?"

"काही काम नव्हतं," मी म्हणाले. "सहज गेले होते."

हे ऐकायला अक्का हवी होती.